रहाटावरचं इंग्रजी

आमच्या घरात अकरावीची इंग्रजी कविता सगळ्यात आधी पाठ झाली ती रेड्याची.

मग माझी. माझ्यानंतर आत्याची. अण्णांची शेवटपर्यंत झाली नाही, पण त्यांनी ते कधी कबूल केलं नाही. "मला अर्थ येतो, शब्दांचं काय घेऊन बसलात!" असं म्हणून ते विषय बदलायचे. (अर्थही येत नव्हता.)

चौलला आमची नारळी-पोफळीची वाडी. स्वराज्य येऊन काही वर्षं झाली होती. इंग्रज गाशा गुंडाळून गेले होते, पण जाताना त्यांचं इंग्रजी मात्र अकरावीच्या पेपरात विसरून गेले होते. मी, शालू, त्याच अकरावीत; तेव्हा अकरावी म्हणजेच मॅट्रिक. गणितात बरी, मराठीत उत्तम, इतिहासात तोंडाळ. आणि इंग्रजीत? सहामाहीच्या पेपरात माझ्या उत्तराखाली पाध्येसरांनी लाल शाईने नुसतं एक प्रश्नचिन्ह काढलं होतं. मार्क कापायचे तरी कशातून, हे त्यांना समजलं नसावं.

तो पेपर मी घरी आणला त्या संध्याकाळी ओटीवर माझ्या आयुष्याचा फैसला झाला. एका बाजूला अण्णा, म्हणजे माझे वडील. दुसऱ्या बाजूला आत्या, म्हणजे त्यांची थोरली बहीण, जी तरुणपणी विधवा होऊन माहेरी आली आणि तेव्हापासून घरातल्या प्रत्येकाची जन्मकुंडली तोंडी सांभाळून होती. मधे मी, हातात पेपर. आई माजघराच्या दारात, कारण तिथून दोन्हीकडचं ऐकू येतं.

"गचकली ना?" आत्या म्हणाली. "बरं झालं. दिवेआगरचं स्थळ अजून थांबलं हाय."

"थांबू दे," अण्णा म्हणाले. "शालू मॅट्रिक होणार. मास्तरीण होणार."

"अरे, पन इंग्रजीत गचकली ना ती!"

"सहामाहीत गचकली. वार्षिकात नाही गचकायची."

"आन् गचकली तर?"

अण्णांनी मिशीवरून हात फिरवला. तेवढ्यात मी मनातल्या मनात म्हटलं, अण्णा, काही बोलू नका, तुम्ही रागात बोललेलं नंतर आम्हाला निस्तरावं लागतं! पण ते बोललेच. "गचकली, तर तुळशीचं लग्न लागलं की हिचं. दिवेआगरला! हा माझा शब्द."

झालं! पास झाले तर ट्रेनिंग कॉलेज आणि मग शाळेतली नोकरी. नापास झाले तर दिवेआगरची सून. तो नवरामुलगा मी पाहिला होता. स्वभावाने अगदी गरीब, असं सगळे म्हणत. (माझा तरी त्याच्या स्वभावाशी परिचय झाला नाही. आमच्याकडे बसला होता तितका वेळ तो खाली मान घालून अडकित्त्याने सुपारी कातरत होता, आणि जाताना कातरलेली सुपारी खिशात घालून गेला.) मला मास्तरीण व्हायचं होतं, अगदी मनापासून व्हायचं होतं. जन्मापासून सगळे मला ओरडत आले होते. हातात खडू घेऊन एकदा आपण दुसऱ्यांना ओरडावं, एवढीच माझी महत्त्वाकांक्षा होती.

दुसऱ्या दिवशी मी पाध्येसरांकडे रडत गेले. सर इंग्रजीचे, अंगाने किडकिडीत, सायकलवरून यायचे आणि वाऱ्याच्या दिवसांत सायकल हातात धरून चालत यायचे.

"मनातल्या मनात वाचतेस ना? तिथेच घाण होते," सर म्हणाले. "मोठ्याने वाच. कविता तोंडात बसली पाहिजे. अख्खी बसली पाहिजे. कविता हमखास विचारतात."

कविता लांबलचक होती. कुठल्याशा इंग्रजी बंदरात एक कोळीण राहत असते. नवरा होडी घेऊन समुद्रावर गेलेला, धुकं पडलेलं, काही दिसत नाही. म्हणून ही किनाऱ्यावरची मोठी घंटा वाजवत राहते, की आवाजाच्या रोखाने होड्या घरी याव्यात. सुरुवात अशी:

*रिंग, ओ बेल, अक्रॉस द बे,*
*द बोट्स आर आउट, द सी इज ग्रे...*

आणि पुष्कळ कडवी घंटा बडवून झाली की शेवटची होडी येते आणि कविता संपते: *द बेल वॉज हश्ड, अँड ऑल वॉज स्टिल.*

मी घरी येऊन मोठ्याने वाचायला सुरुवात केली. माजघरात वाचलं तर आई म्हणाली, "दुधावर साय धरेनाशी झाली तुझ्या ओरडण्याने." ओटीवर वाचलं तर आत्या म्हणाली, "मेली घंटा बडवत बसन्यापरीस कंदील का न्हाय दाखवला तिनं?"

"धुकं होतं गं आत्या! कंदील दिसायचा नाही."

"येवढं धुकं होतं तर दर्यावर गेलाच कशाला मुडदा?"

हा प्रश्न मी पाध्येसरांना विचारला. ते म्हणाले, "हा प्रश्न परीक्षेत येणार नाही, पुढे चल."

नेमका त्याच सुमाराला आमचा गडी धर्मा मुंबईला गिरणीत गेला. आता ज्यांनी वाडी पाहिलेली नाही त्यांना सांगायला हवं, की आमच्याकडे पाऊस संपला की रहाट सुरू होतो. विहिरीवर लाकडी चाक, चाकावर गाडग्यांची माळ, आणि ते चाक फिरवायला डोळ्यांना झापडं बांधलेला रेडा, जो विहिरीशेजारी गोल गोल चालतो. गाडगी भरून वर येतात, पन्हळीत रिती होतात, पाणी पाटाने पोफळींच्या आणि पानवेलींच्या आळ्यांत जातं. रेड्याच्या मागे आडव्या लाकडावर माणसाला बसायला फळी असते. त्या माणसाचं काम एकच, तोंड चालू ठेवणं. मागून आवाज आला की रेड्याने चालायचं, आवाज थांबला की त्याने थांबायचं, हा पिढ्यान्‌पिढ्यांचा करार. धर्मा गायचा, आणि गाणी संपली की शिव्या द्यायचा. रेड्याला दोन्ही सारखंच प्रिय होतं.

रेड्याचं नाव सुभेदार. हुकूम सुटल्याशिवाय पाऊल उचलायचा नाही, म्हणून.

धर्मा गेला तशी अण्णांच्या डोक्यात लख्ख वीज चमकली. "शालू! तुला मोठ्याने वाचायला जागा पाहिजे ना? आणि सुभेदाराला मागून आवाज पाहिजे. बस फळीवर!"

मला ही कल्पना इतकी आवडली, की मी त्यांना नमस्कारच करायची बाकी होते. एका दगडात वाडी आणि मॅट्रिक! सकाळ-संध्याकाळ मी पदर खोचून फळीवर बसायची, पुस्तक मांडीवर, आणि सुरू. *रिंग, ओ बेल!* रहाटाची कुर्र कुर्र, गाडग्यांचा खळखळाट, आणि पुढे सुभेदाराची काळीकभिन्न पाठ डुलत चालली आहे. कविता अशी जाऊन बसली तोंडात, की काय सांगू! एक ओळ, एक पाऊल. आई म्हणाली, "पोरीचं नशीब काढलंस हो सुभेदारा." अण्णा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "आमच्याकडे शिंपणं इंग्रजीतून चालतं."

आत्या तेवढी ओटीवर सुपाऱ्या सोलत बसलेली असायची आणि तिथून बोलायची, "पैठनला रेडा येद बोलला. ह्यो आता साह्यब व्हनार!"

पहिली गोम लक्षात आली ती थंडीच्या दिवसांत. घाईत मी एक कडवं गाळलं आणि पुढचं म्हटलं. सुभेदार थांबला. मला वाटलं, माशी बसली असेल. मी पुन्हा तेच म्हटलं. तो हलेना. मान वळवून एक कान माझ्याकडे केला. मी पुस्तक उघडलं, गाळलेलं कडवं शोधलं, म्हटलं, आणि स्वारी चालू लागली! आणि *ऑल वॉज स्टिल* आलं की तो आपण होऊन उभा राही. आता पुन्हा पहिल्यापासून *रिंग* म्हटल्याशिवाय जागचा हलत नसे.

मी धावत जाऊन सांगितलं. अण्णांना आनंदाचं भरतं आलं. "म्हणजे तो तुझी तपासणी घेतोय! फुकटचा मास्तर!"

फुकटचा? फुकटचा कसला! संकट पुढेच होतं. कविता तोंडपाठ झाली, तशी मी गद्याकडे वळले. गद्यात एक धडा होता, खरा सभ्य गृहस्थ आपली छत्री कशी वापरतो त्यावर. फळीवर बसले, सुरू केलं. पण गद्य काही कवितेसारखं वाहत नाही. एक शब्द वाचला की अडायचं, कोश काढायचा, अर्थ बघायचा, पुन्हा पुढचा शब्द. आणि मी अडले की सुभेदार थांबे. मी वाचे, तो एक पाऊल टाके. मी कोश उघडे, तो उभा. सभ्य गृहस्थ छत्री उघडेपर्यंत पाट कोरडा पडला.

खालच्या अंगाहून अण्णांची हाक आली, "पाणी का थांबलं?"

"मी गद्य वाचतेय!"

"गद्य नको! पानवेली सुकतायत! घंटा घे, घंटा!"

घेतली घंटा. पाणी सुरू. दुसऱ्या दिवशी पुन्हा गद्य काढलं, पुन्हा तेच. आठवडा गेला, महिना गेला. माझ्या लक्षात आलं, की मला अकरावीच्या इंग्रजीतलं फक्त तेच येतंय, जे रेड्याला आवडतं! "अण्णा, तुम्ही बसा ना फळीवर, मी घरात गद्य वाचते," असं म्हणून मी त्यांना बसवलं. त्यांनी धर्माची गाणी म्हटली. हूं नाही की चूं नाही. धर्माच्या शिव्या दिल्या. मग स्वतःच्या दिल्या. सुभेदार खांबासारखा उभा. आईने अंगाई म्हणून पाहिली, त्यावर तो खालीच बसला.

"याला बिघडवलंत तुम्ही," आई म्हणाली. कुणाला म्हणाली ते कळलं नाही. अण्णांनी माझ्याकडे बोट दाखवलं, मी अण्णांकडे.

परीक्षा जवळ आली आणि पाध्येसर चौकशीला आले. मी त्यांना रहाटावरच सगळा प्रकार दाखवला. सरांनी पूर्ण कविता ऐकली. *स्टिल*ला सुभेदार थांबला, तेव्हा सर सायकल सोडून पुढे झाले. (सायकल पाटात पडली.)

"याला शेवट कळतो!" सर पुटपुटले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "गद्य कुठवर आलं?"

"छत्री उघडली सर."

"फक्त उघडली? अगं, धड्याच्या शेवटी तो ती एका बाईला देतो!"

मी रडकुंडीला आले. अण्णांचा चेहरा पडला. पण अण्णा हार मानणाऱ्यातले नव्हते, आणि आश्चर्य म्हणजे सरही नव्हते. त्या दोघांनी विहिरीच्या काठावर बसून खलबत केलं आणि तोडगा काढला. रेड्याला चाल हवी ना? मग गद्यच घंटेच्या चालीत म्हणायचं! सर शब्द पुरवत ताल देऊ लागले आणि अण्णांनी डोळे मिटून पहिलं वाक्य बसवलं: *अ जंटलमन, ओ बेल, कॅरीज हिज, ओ बेल, अम्ब्रेला विथ केअर, ओ बेल!*

सुभेदार चालू लागला. आम्ही सगळे टाळ्या पिटायला लागलो. टाळ्यांनी तो थांबला, म्हणून पुन्हा पहिल्यापासून म्हणावं लागलं.

अशा रीतीने छत्री, चहापान, एका प्रामाणिक कुत्र्याचं चरित्र, सगळं गद्य मी *ओ बेल* लावून घोकलं. दिवसरात्र तोच धोशा. झोपेत कूस बदलताना *ओ बेल* म्हणते, अशी आईची तक्रार होती. पण येत होतं! पहिल्यांदाच इंग्रजी येत होतं. आता दिवेआगर गेलं खड्ड्यात, असं मी आरशासमोर उभं राहून स्वतःला बजावत होते.

इंग्रजीच्या पेपराच्या दिवशी सकाळी आईने हातावर दही घातलं. मी देवाला नमस्कार केला, अण्णांना केला, आत्याला केला. आत्या म्हणाली, "सुखी रहा. दिवेआगरचे दाजी आज येनार हायत घर बघायला. मीच बोलावलंय. म्हंजे उगाच येळ नको जायला." दाजी म्हणजे त्या सुपारीवाल्या मुलाचे वडील. माझा पेपर व्हायच्या आधीच तिने माझा निकाल लावून टाकला होता! मी दातओठ खाऊन सर्व्हिस मोटारीत बसले आणि अलिबागला गेले.

पेपर हातात आला. पहिलाच प्रश्न: घंटेची कविता पाठ लिहा आणि रसग्रहण करा. मला तर गगन ठेंगणं झालं. टाक शाईत बुडवला, आणि...

काही नाही. एक शब्द आठवेना. *रिंग*च्या पुढे सगळं धुकं. अगदी कवितेतल्यासारखं! समोर काळी पाठ डुलत नव्हती, बूड हलत नव्हतं, गाडगी वाजत नव्हती. मी डोळे मिटले, मान डोलावली, बाकावर पुढे-मागे झुलून पाहिलं. शेजारची मुलगी हळूच म्हणाली, "अंगात येतंय का गं तुझ्या?"

तेवढ्यात मागून आवाज आला. कुर्र... कुर्र... कुर्र...

देखरेखीला नेमलेले एक धिप्पाड मास्तर होते. त्यांच्या पायात नव्या कोऱ्या वहाणा, आणि नव्या वहाणा करकरतात तशा त्या करकरत होत्या. पण मला ती वहाण वाटलीच नाही, तो आमचा रहाट होता! *रिंग, ओ बेल, अक्रॉस द बे!* माझा टाक धावायला लागला. मास्तर बाकांच्या रांगांमधून गोल फिरत होते आणि मी कडव्यामागून कडवं उतरवत होते. ते खिडकीशी थांबले, मीही थांबले. ते चालले, मी लिहू लागले. ते पुन्हा थांबले. मी त्यांच्या पायांकडे एकटक बघत बसले.

आता परीक्षेला बसलेली मुलगी मास्तरांच्या पायांकडे बघत बसली, तर मास्तरांना संशय येणारच. ते ताडताड चालत आले (त्यात माझी चांगली एक ओळ झाली) आणि माझ्याच बाकापाशी येऊन ठाण मांडून उभे राहिले. तिथून हलायला तयार नाहीत! घड्याळ पुढे सरकतंय, कोळणीची होडी अजून समुद्रात, आणि रहाट बंद. माझ्या डोळ्यांसमोर दाजी, सुपारी, अडकित्ता सगळं नाचायला लागलं. शेवटी लाज सोडली.

"सर," मी हात जोडून म्हटलं, "जरा चाला ना."

"काय?"

"तुम्ही चाललात की मला आठवतं. थांबलात की थांबतं."

"नाव काय तुझं? गाव कुठलं?"

"चौल. सर, पाया पडते, एकच फेरी मारा! शेवटचं कडवं राहिलंय!"

त्यांनी माझे हात तपासले, शाईची दौत तपासली, बाकाखाली वाकून पाहिलं. कुठेच काही सापडलं नाही. मग माझ्या डोळ्यांत पाणी बघून असेल, किंवा अशा मुलीपासून लांब गेलेलं बरं म्हणून असेल, ते चालू लागले. देव त्यांचं भलं करो! पेपर संपेपर्यंत तो भला माणूस चालत होता. मी एकदा फक्त "सर, थोडं जलद" म्हणाले, तेव्हा त्यांनी असं पाहिलं की पुन्हा मान वर केली नाही.

परतीच्या मोटारीत मी खुशीत होते. मनात उत्तरं पुन्हा घोळवत होते आणि आक्षीच्या आसपास एका उत्तरापाशी अडले. छत्रीच्या धड्याचं उत्तर मी काय लिहिलं? *अ जंटलमन, ओ बेल, कॅरीज हिज...* लिहिलं की काय मी *ओ बेल*? लिहिलंच! एकदा नाही, प्रत्येक वाक्यात लिहिलं असणार! आणि कुत्र्याच्या चरित्रात? तिथेही! आणि रसग्रहणात मी स्वतःचं मत म्हणून काय ठोकलं होतं, तर एवढं धुकं असताना नवरा दर्यावर गेलाच कशाला! मी मोटारीतच हुंदके द्यायला लागले. एक म्हातारी कोळीण मला जवळ घेऊन म्हणाली, "माजे बाय, कोन गेला गो तुजा?"

"मीच गेले," मी म्हटलं.

मोटारीतून उतरून वाडीकडे वळले, तर लांबूनच आवाज कानावर आला. रांगडा, घसा बसलेला, पण खणखणीत.

"*रिंग, ओ बेल, अक्रॉस द बे!*"

पळत गेले. बघते तर रहाटाच्या फळीवर आत्या! लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, अंबाडा सुटलेला, आणि पुढे सुभेदार झपाझप चाललाय. सकाळपासून तो कुणालाच दाद देईना, उन्हाने पानवेली माना टाकायला लागल्या, अण्णांनी आणि आईने हात टेकले, तेव्हा ओटीवर बसून महिनोन्‌महिने ऐकलेली कविता आत्याच्या तोंडून आपोआप बाहेर पडली होती. अण्णांनी तिला उचलून फळीवर बसवलं आणि उतरू दिलं नव्हतं. आणि विहिरीपाशी, पांढरं धोतर, काळी टोपी, काखेत छत्री, असे दिवेआगरचे दाजी उभे होते.

"बाई, जरा खाली उतरता का?" दाजी म्हणत होते. "बोलणी करायची होती."

"*द बोट्स आर आउट*, बसा हो दाजी, *द सी इज ग्रे*, उतरले तर रेडा थांबंल!"

"मुलगी कुठे आहे?"

"*रिंग, ओ बेल*, परीक्षेला गेलीय, *फॉर देम दॅट रोम*, येवढ्यात येईल!"

दाजींनी घाबरून अण्णांकडे पाहिलं. "तुमच्या घरात सगळेच इंग्रजी बोलतात?"

"छे, छे," अण्णा नम्रपणे म्हणाले. "मला तितकंसं येत नाही. रेड्याला येतं."

तेवढ्यात कविता संपली. *ऑल वॉज स्टिल!* सुभेदार जागच्या जागी उभा राहिला आणि त्याने दाजींकडे मान वळवली. दाजी दोन पावलं मागे सरकले. त्यांनी छत्री काखेतून काढून हातात घेतली (अगदी धड्यातल्या सभ्य गृहस्थासारखी) आणि म्हणाले, "आमच्याकडचा रहाट बैलांचा आहे. आणि बैल मराठी आहेत. येतो आम्ही." चहाही घेतला नाही.

दाजी दिसेनासे झाले. मी आत्याकडे बघायला धजेना. आता ही माझ्यावर फुटणार! ती फळीवरून उतरली, माझ्यासमोर आली, कमरेवर हात ठेवले.

"गेला तर जाऊं दे मेला," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. "रेड्याला भितो! असल्या घरात पोर द्यायची? पन तू ऐक गो बाय. माझा घसा फुटला हाय. हे इंग्रजी वाया गेलं तर तुझी धडगत न्हाय. पास व्हयाचं. समजलं?"

"आत्या, मी पेपरात *ओ बेल* लिहून आलेय!"

"मग काय झालं? लिवलंस ते बरंच केलंस!"

मला तिच्या गळ्यात पडून रडू आलं. अण्णा मात्र गंभीर होते. "आता पास व्हायलाच पाहिजे," ते म्हणाले. "दाजी ही गोष्ट दिवेआगरापासून मांडव्यापर्यंत सगळीकडे सांगणार. आता या जिल्ह्यात तुला कुणी करून घेणार नाही." म्हणजे आता नापास झाले तर नोकरी नाही आणि नवराही नाही, आयुष्यभर सुभेदारामागे फळीवर बसायचं. निकाल लागेपर्यंत मला अन्न गोड लागलं नाही. आत्याने कुलदेवतेला नवस बोलला, आणि तोही, आईच्या म्हणण्याप्रमाणे, घंटेचा.

जूनमध्ये पाध्येसर सायकल हातात धरून चिखलातून आले. तोंडावरून काही कळेना. "पास," ते म्हणाले. "इंग्रजीतसुद्धा. अगदी काठावर, पण पास!" आत्याने देवळात घंटा बांधली. अण्णांनी हार आणला, पेढे आणले, आणि सगळे उठून गोठ्याकडे गेले. हार सुभेदाराच्या गळ्यात. पहिला पेढा सुभेदाराला. मी दारात उभीच!

"सर, त्यांनी *ओ बेल*चे मार्क कापले नसतील?" मी हळूच विचारलं.

"त्यांना वाटलं असेल, मुलगी फार भावनाप्रधान आहे," सर म्हणाले आणि तेही सुभेदाराला खाजवायला गेले.

पुढे मी ट्रेनिंग केलं आणि खरोखरच मास्तरीण झाले. पहिली नेमणूक आमच्याच भागातल्या शाळेत, विषय इंग्रजी, आणि पुस्तकात तीच घंटा! मी खडू हातात घेऊन रुबाबात उभी राहिले, तोंड उघडलं, आणि पुन्हा तेच धुकं. उभ्या उभ्या शब्द फुटेना. पण आता मला रोग ठाऊक होता. मी चालायला लागले. टेबलाभोवती गोल, एक फेरी, दोन फेऱ्या, आणि कविता झरझर यायला लागली. मुलं माना फिरवत ऐकत होती. मनात म्हटलं, बघ शालू, जिंकलीस! मधेच श्वास घ्यायला क्षणभर थांबले.

मागच्या बाकावर चौलचं कुणीतरी बसलं असणार. तिथून हळूच आवाज आला, "हां! चल सुभेदारा!"

आणि काय सांगू, मी निमूट चालायला लागले.